पाहुणे आले की

धुळे,
६ जानेवारी २०२५

ती. रूपाताईस,
चारूचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू आधी काकूंना विचारशील, हे कुणाचं. तुझंच आहे. फोन केला असता, पण तो नानांच्या खिशात असतो आणि तुझ्या वतीने घरातले सगळे बोलतात. पत्र तुझ्या हातात राहील. अक्षर मोठं काढलंय, घाई न करता वाच.

मी ज्या संस्थेत संख्याशास्त्राचं काम करते, तिथे एक अभ्यास सुरू होतोय. ज्यांना समजायला, शिकायला जास्त वेळ लागतो अशी मोठी माणसं घरात कशी राहतात, त्यांना काय हवं असतं, हे शोधायचं आहे. आजवर असं काही शोधायचं झालं की लोक त्यांच्या आयांना विचारत, डॉक्टरांना विचारत आणि निघून जात. या वेळी मी म्हटलं, ज्यांच्याबद्दल शोधायचं ती माणसं शोधणाऱ्यांत हवीत. प्रश्न त्यांनी ठरवायचे, त्यांनीच विचारायचे आणि उत्तरांचा अर्थ आमच्याबरोबर बसून लावायचा. आमच्या प्रमुखांना हे फारसं रुचलेलं नाही. पण त्यांनी नाहीही म्हटलेलं नाही.

एक जोडीदार मिळाला आहे. कौतिकभाऊ. इथल्या कार्यशाळेत खुर्च्या विणतो. दुसरी तू असावीस असं मला वाटतं. चुलत बहीण म्हणून नाही, न पटलेल्या गोष्टीला तू हो म्हणत नाहीस म्हणून. सुई नाही, परीक्षा नाही. राहायचं माझ्याकडे. आम्हाला मिळतो तसाच मोबदला तुलाही. नको असेल तर नको म्हण, मी कारण विचारणार नाही.

नानांना वेगळं लिहिलं आहे. पण उत्तर तुझं हवं.

माया मला लिहून दाखवता येत नाही. ती आहे असं धरून चाल.

तुझी,
चारू

---

नशिराबाद,
१३ जानेवारी २०२५

चि. चारूस,
नानाचे पोटभर आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. रूपाला तू ती. लिहिलंस, त्यावर तुझी काकू पदर तोंडाला लावून हसली. एकतीस वर्षांत तिला कुणी तीर्थरूप केलं नव्हतं. ती मात्र ते पत्र उशाखाली घेऊन झोपते. थंडीने केळीला चरका बसलाय, पानं पिवळी पडताहेत. रूपाच्या पाठच्या नवीनसाठी स्थळं येऊ लागली आहेत. मध्यस्थी चुडामणकडे दिली आहे.

तुझं संशोधन माझ्या डोक्यात शिरत नाही. रूपाला अजून घड्याळ कळत नाही, भाजीत मीठ दोनदा घालते. ती काय शोधणार? तुम्हा शिकलेल्यांना माणसं मिळेनाशी झाली वाटतं! मी साफ नाही म्हटलं. तर या बयेने पिशवी भरून दारात ठेवली आणि दोन दिवस तिच्यावरच बसून जेवली. शेवटी काकू म्हणाली, जाऊ द्या, तेवढाच हवापालट. घरात पाहुण्यांची ये-जाही वाढणार, त्यात ती नसलेलीच बरी. शनिवारी नवीन तिला आणून सोडेल. गंमत म्हणून राहू दे, फार मनावर घेऊ नकोस.

नानावर जीव आहे तसाच असू दे.

भाईदास

---

धुळे,
३ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस,
सा. न. पुढे खुशाली आणि थोडं भांडण.

ताई मजेत आहे. माझा स्वयंपाक आजाऱ्याला द्यावा असा आहे, असं तिने शेजारी सांगून ठेवलं आहे.

कामाचं सांगते. पहिल्याच आठवड्यात माझी प्रश्नावली निकालात निघाली. मी हो-नाहीचे प्रश्न काढले होते, कारण ते मोजायला सोपे. कौतिकभाऊ काही घरं फिरून आला आणि म्हणाला, बठ्ठं खोटं शे, सगळं खोटं. गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेल्या माणसाला आम्ही होच म्हणतो, म्हणजे तो लवकर जातो. आम्ही ओळखपत्रं काढली, प्रश्न बदलले. ताईही चुकते. समोरचा विचारात पडला की ती त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होते. मी तिला सांगितलं की हे चालणार नाही, घरी तुझ्याशी हेच होतं. आता प्रश्न विचारला की स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसते.

मग तिने एक प्रश्न सुचवला. पाहुणे आले की तुम्ही कुठे असता? मी म्हटलं, हा आपल्या विषयात बसत नाही. ती म्हणाली, विचारून तर बघ. विचारला. उत्तरं आली ती अशी. मागच्या खोलीत. शेजारी. गोठ्यात. गच्चीवर, खालून हाक येईपर्यंत. एकाने सांगितलं की पाहुणे गेल्यावर उरलेला शिरा मिळतो, म्हणून त्याला पाहुणे आवडतात. अहवालाचं पहिलं प्रकरण आता हेच आहे.

आमचे प्रमुख म्हणाले, दोघांचे शेवटी आभार मानू. मी म्हटलं, ज्याने प्रश्न काढला, विचारला आणि अर्थ लावला त्याला लेखक म्हणतात. हा नियम मी केलेला नाही. शेवटी त्यांनी मान्य केलं. ताईचं पूर्ण नाव पहिल्या पानावर येईल. मार्चमध्ये जळगावला अहवाल सगळ्यांसमोर वाचायचा आहे. तुम्ही, काकू आणि नवीन या.

भांडण झालं, लोभ शाबूत आहे.

चारुलता

---

नशिराबाद,
८ फेब्रुवारी २०२५

चि. चारूस आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, रूपा तुझ्या जवळच असते. तिला हे पत्र दाखवू नकोस.

पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, बोदवडचे पाहुणे घर बघायला येत आहेत. मुलगी हेमलता शिक्षिका आहे, माणसं चांगली आहेत. चुडामणने त्यांना नवीन एकुलता एक असल्याचं सांगितलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. आता तू नाव छापायला निघालीस. रूपाली भाईदास नारखेडे. मधोमध मीच उभा! उद्या बोदवडला कुणाच्या हातात तो कागद पडला तर मी काय तोंड दाखवू? तिचं दुसरं काही नाव घाल, हवं तर देवाचं घाल. आणि पाहुणे जाईपर्यंत तिला तिकडेच ठेव.

मी तिला कधी उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर कधी हात उचलला नाही. एका रविवारचा प्रश्न आहे. तू घरची आहेस की संस्थेची, एवढं एकदा ठरव.

माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ नये.

भाईदास

---

धुळे,
११ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस,
सा. न.

तुमचं पत्र मी ताईला वाचून दाखवलं. तुम्ही नको म्हटलं होतंत. पण पत्र तिच्याबद्दल होतं, आणि तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे ठरवणाऱ्यांत मी येणार नाही.

तिने ते दोनदा वाचायला लावलं. मग एकुलता एक म्हणजे काय ते विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यावर तिने विचारलं, मग मी कोण. याचं उत्तर माझ्याकडे मागू नये असं मी तिला सांगितलं. ते तुम्ही द्यायचं आहे.

ती शनिवारी येते आहे. मी तिला आणत नाही, ती येते आहे. हा फरक ध्यानात ठेवा. जळगावच्या गाडीत बसवून देण्यापुरतीच मी स्टँडवर जाईन. मी सोबत आले तर सगळे म्हणतील, चारूने शिकवलं.

नावाचं ती ठरवेल. मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं ही रीत आपली आहे, माझ्या अहवालाने पाडलेली नाही. ती नको म्हणाली तर मी एक अक्षर छापणार नाही. हो म्हणाली तर प्रमुखांचं ऐकणार नाही आणि तुमचंही नाही.

तुम्ही तिला उपाशी ठेवलं नाहीत हे खरं आहे. पण म्हणून एका रविवारपुरती ती जन्मलीच नव्हती असं होत नाही.

मी घरची आहे. परकी असते तर एवढं लिहिण्याच्या फंदात पडले नसते. रागवा, पण तोडू नका.

चारुलता

---

नशिराबाद,
१९ फेब्रुवारी २०२५

चारूस रूपाताईचा आशीर्वाद. मी मोठी आहे म्हणून आशीर्वाद.

मी सांगते अन् आई लिहिते. आई मधेच थांबते. मी तिला थांबू देत नही.

गाडीत खिडकी मिळाली. जळगावात अजिंठा चौफुलीला उतरली, तिथून नशिराबादची गाडी धरली. कंडक्टर म्हणे, सोबत कोण आहे. मी म्हटली, पिशवी आहे. नानांनी दार उघडलं.

रविवारी आईने बट्ट्या केल्या, वांग्याची भाजी केली. नाना म्हणाले, शेजारी सुगंधाबाईंकडे जाऊन बस, त्यांच्याकडे टीव्ही आहे. मी म्हटली, टीव्ही आपल्याकडे पण आहे. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली. नवीनने हात धरून उठवलं. मी परत बसली. त्याने परत उठवलं. तेवढ्यात पाहुणे दारात आले, मग त्याला उठवता येईना.

पाहुण्यांनी विचारलं, ही कोण. चुडामणकाका म्हणाले, शेजारची. नाना खाली बघत होते. मी म्हटली, मी नवीनची मोठी बहीण. धुळ्याला संशोधन करते. पाहुणे हसले. एका बाईने मले विचारलं, कसलं संशोधन गं. मी सांगितलं, पाहुणे आले की आमच्यासारख्यांना कुठं लपवतात, ते शोधते. मग कुणी हसलं नही.

मग आई आतून आली. हाताला पीठ होतं. आई पाहुण्यांसमोर कधी बसत नही. ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली अन् म्हणाली, ही माझी पहिली.

पाहुणे जेवले. कळवतो म्हणाले. अजून कळवलं नही. नवीन म्हणतो, तू माझं लग्न मोडलं. मी म्हटली, मी काय मोडलं? मी नुसती बसली. नाना माझ्याशी बोलत नही. मीच त्यांना रोज विचारते, जेवले का. ते मान हलवतात.

सोमवारी मी कामावर येते. माझी जागा कुणाला देऊ नको.

आता नावाचं. नाव छापायचं. नाना आईला म्हणाले, मधे माझं नको. मले ऐकू आलं. त्यांना नको तर नको. मधे आईचं घाल. आई हे लिहायला तयार नव्हती. म्हणे, बाईचं नाव असं एकटं कुणी लावत नही. मी म्हटली, तू माझ्या बाजूला बसली ना, मग लिही. ती म्हणे, नानांना काय वाटेल. मी म्हटली, ते नानांना विचारू. आधी लिही.

माया ठेव. मी ठेवलेलीच आहे.

पुढचं मी माझ्या हाताने काढलं. आईने फक्त तिच्या नावाची अक्षरं सांगितली.

रूपाली धुरपदाबाई नारखेडे