आठवी नस, पळसाची पानं

प्रिय सदा,

काल तुझ्या गावाहून परत आले. तिथे तुझं दहन झालं. पळसाच्या पानांचा तुझा पुतळा केला होता, आणि मी शेवटपर्यंत समोर होते. मुलुंडला आल्यावर हे कुणाला सांगावं ते कळेना. शेजारी विचारतील, गेल्या वर्षी गेलेल्या माणसाला आता कसं जाळलं? म्हणून तुलाच लिहितेय. तू गेल्यानंतर काय काय झालं, ते तुला कुठे माहीत आहे?

सुरुवात तुझ्या उजव्या कानापासून झाली, आठवतं? खाली वाण्याकडे तुझा फोन आला होता. तू रिसीव्हर उजव्या कानाला लावलास आणि म्हणालास, "लाइन बंद आहे." वाणी म्हणाला, "साहेब, समोरच्याचा आवाज मला इथपर्यंत येतोय." तू कान बदललास. मग जिना चढलास. घरात येऊन मेडिकल कॉलेजच्या पिशवीतला तो कान तपासायचा दोन बोटांचा लोखंडी काटा काढलास, गुडघ्यावर आपटलास आणि एकेका कानाशी धरून ऐकत राहिलास.

"आठवी," म्हणालास.

मी पोळ्या लाटत होते. मला वाटलं, मी शाळेत शिकवते तो आठवीचा वर्ग. म्हटलं, "काय केलं आठवीने?"

मग तू शांतपणे सांगितलंस. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, आठवी कानाची. तिच्यावर काहीतरी वाढतंय. सातवी तिच्या अगदी शेजारून, एकाच भोकातून जाते. ती चेहऱ्याची. जणू समोर पहिल्या वर्षाची पोरं बसलीत आणि तू फळ्यावर रंगीत खडूने काढतोयस.

तसाच तू घरातही शिकवायचास ना? माझ्या पाठीवर बोट फिरवत म्हणायचास, "मेरुरज्जू इथे कमरेच्या वरच संपतो, खाली नुसते नसांचे दोरे. दरवर्षी पोरं इथेच चुकतात." मी म्हणायचे, भाजी निवडू दे. तुझ्या आईंसमोर 'अहो' म्हणणारी मी, त्या क्षणी 'अरे, सोड ना' म्हणून जायचे आणि त्या मोरीतून खाकरायच्या.

पण तुला एक विचारायचंय. आठवी कळल्यावर तू गप्प का बसलास? "पोरांच्या परीक्षा होऊ देत," म्हणालास. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून कापसाची वात डोळ्याच्या बुबुळाला लावायचास. एके दिवशी वळून म्हणालास, "शैला, उजवीकडे कापूस लागल्याचं कळत नाही. पाचवी पण." नसेचा नंबर सांगितलास. भीती वाटते, हे एकदाही सांगितलं नाहीस. मी ती तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते, सदा.

मग सकाळी उठल्या उठल्या डोकं फुटायचं आणि उलट्या व्हायच्या. भिंत धरून चालायला लागलास. शेवटी तुझे डॉक्टर मित्र तुला उचलूनच शहरात स्कॅनला घेऊन गेले. गाठ निघाली. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात, त्यांत पाणी सतत तयार होतं आणि वाहून जातं, हे तू मला तिथे बाकावर बसून सांगितलंस. गाठीने चौथ्या पोकळीची वाट दाबली होती. "आपल्याला दोन खोल्या, डोक्यात चार," म्हणालास, "आणि त्यातही पाणी तुंबलं." हसलास, पण हसू एकाच गालावर आलं. सातवी गेली होती. हे मला न सांगता कळलं.

पाण्यासाठी नळी घातली. कवटीतून मानेच्या कातडीखालून पोटापर्यंत. हात लावला की बोटाला लागायची. मग गाठ काढली. सर्जन म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. पण तुला घोट गिळता येईना. आवाज घोगरा, मग नुसता श्वास. पाटीवर खडूने तू लिहिलंस, "नववी, दहावी." मी पाटी पुसली. गिळलेलं छातीत उतरत गेलं, ताप चढला आणि तू गेलास.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू म्हणाला होतास, "काही झालं तर मला डिसेक्शन हॉलला द्या. पोरांना एकेका बॉडीवर गर्दी करावी लागते." सही पण करून ठेवलीस. आईंना मात्र सांगितलं नाहीस. ते माझ्यावर सोडलंस.

वॉर्डाबाहेर मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या तुझं धोतर छातीशी धरून उभ्या होत्या. नवं कोरं, तुझे भाऊ घेऊन आलेले.

"माझ्या झिलाक चिरूक देतलंस तू?"

"त्यांची इच्छा होती, आई."

"तेका आग तरी मेळूक होयी."

मी निर्णय बदलला नाही. तुझेच सहकारी स्ट्रेचर घेऊन गेले. त्यांतल्या कुणाला माझ्याकडे बघवेना. आई त्याच दिवशी भावजींबरोबर गावी गेल्या. आपल्या दोन खोल्यांत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तूच सांग, मी काय करायला हवं होतं?

गेल्या आठवड्यात भावजी आले. उंबऱ्यातच म्हणाले, "आई पालाशविधी करतेय. देह नसला की पानांचा करून जाळतात. येवचा तर ये."

मी गेले. नदीकाठी भटजींनी दर्भ पसरला, त्यावर पळसाची पानं रचत हात केले, पाय केले. कण्याच्या जागी दर्भाची लांब जुडी. डोक्याच्या जागी नारळ. भावजींनी तो ठेवताना आतलं पाणी हललं. मी खाली बसले. कुणी उठवलं नाही.

भावजींनी अग्नी दिला. पानंच ती, किती वेळ जळणार? आई राखेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसती पानां जळली."

परतताना मी मागे होते. त्या थांबल्या. वर्षानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

"चिरतत तेव्हा तेका दुकता काय गो?"

"नाही आई. मेल्यावर नसांना काही कळत नाही."

"तुका कोणी सांगल्यान?"

"त्यांनीच."

त्या पुढे चालू लागल्या. त्यांनी मला माफ केलं असं समजू नकोस. घरात येऊन त्यांनी मला वेगळं ताट वाढलं आणि स्वतः मागच्या पडवीत जेवल्या. मी एसटीला निघाले तेव्हा मात्र दारात आल्या. "त्या कॉलेजवाल्यांचा काम झाला काय, उरला-सुरला माका आणून दी. हाडां तरी."

तू हाडांचंही सांगून ठेवलं होतंस. सांगाडा स्वच्छ करून वर्गात टांगा, विकत आणलेले सांगाडे बुटके असतात, असं हसत म्हणाला होतास. तुझ्या मित्रांनी सांगितलं, मेंदू त्यांनी बरणीत ठेवलाय. गाठीने दबलेली नस त्यात स्पष्ट दिसते, दरवर्षी पोरांना दाखवता येईल. तो त्यांच्याकडेच राहू दे.

बाकीचं मी मागणार आहे, सदा. इतके दिवस त्या हॉलच्या दाराशीही गेले नाही. आता जाईन. नाही म्हणाले तर पुन्हा जाईन. तुझा शब्द मी एकदा पाळला आणि त्यात तुझी आई गमावली. या वेळी तुझं ऐकणार नाही. तुझी हाडं घेऊन मी एसटीत बसेन आणि त्यांच्या हातात देईन. मग त्यांनी मला घरात घेतलं नाही तरी चालेल.

तुझीच,
शैला