आमच्या बिल्डिंगचा ऑम्बुड्समन

साडूभाऊ कृष्णकांतराव यांस,

कमरेत उसण भरली आहे, म्हणून बसल्या बसल्याच नमस्कार. उमरेडला तुम्ही खुशाल असालच. दुसऱ्याच्या घरी काडी लावून गेलेला माणूस खुशालच असतो.

होळीला इथे आलात, पाहुणे असून सोसायटीच्या मीटिंगला बसलात आणि भांडणं मिटवायला एक ‘ऑम्बुड्समन’ नेमा म्हणालात. (शब्द कुणालाच कळला नाही, म्हणून एकमताने मंजूर झाला.) वर माझंच नाव सुचवलंत! डिक्शनरीत पाहिलं: तक्रारी ऐकून निःपक्षपाती निवाडा करणारा अधिकारी. वा! मी लगेच दारावर पाटी ठोकली.

रोजच्या वापरातला अर्थ आठवडाभरात कळला. नळ आला नाही, बोलवा ऑम्बुड्समनला. लिफ्टमध्ये कुत्र्याने घाण केली, बोलवा ऑम्बुड्समनला. दुपारी जरा डोळा लागला की दारावर थाप, "काहून जी ऑम्बुड्समन, झोपून राहिले का?" भाजीवालासुद्धा त्याच नावाने हाक मारतो आणि संत्री मात्र दबलेलीच देतो.

तेही सोसलं असतं. पण एप्रिलात वच्छलाने गच्चीवर कुरडया घातल्या. वरच्या प्रेमिलाबाईंचा कूलर तिथेच. त्याची टाकी ओसंडली आणि कुरडयांचा पुन्हा चीक झाला. वच्छला स्वयंपाकघरातून बैठकीत तक्रार घेऊन आली. आता बायकोच्या बाजूने निकाल दिला तर लोक काय म्हणतील? मी निवाडा दिला: गच्ची सामाईक, सबब कुरडया हेच अतिक्रमण. प्रेमिलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाने माळ्यावरची बॅग काढली (तिथेच मला घाम फुटायला हवा होता) आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून तिच्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्याकडे, निघून आली. तेव्हापासून मी दोन्ही वेळ खिचडी खातोय, अगदी निःपक्षपातीपणे. घर खायला उठतं हो.

आपला,
मधुकर

ता. क. : खरं काम हे की, तिला समजावून घेऊन या. मी पाटी काढली, राजीनामाही दिला. माझी अक्कल शेण खायला गेली होती, असं माझ्या वतीने सांगा.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तोच सेक्रेटरी येऊन गेले. माझ्या जागी एकमताने वच्छलाची नेमणूक झाली आहे, तिने फोनवर होकारही दिलाय. रविवारी येतेय. पहिलं प्रकरण कुरडयांचं, आणि आरोपी प्रेमिलाबाई नाहीत, मी आहे. तेव्हा समजावण्याचं राहू द्या. तिला फक्त एवढंच विचारा, निकालात थोडा पक्षपात चालेल का म्हणून.