पाण्याखालचे दिवे आणि वरच्या मजल्यावरची खोली

मी, सत्यभामा प्रफुल्ल खोब्रागडे, वय एकाहत्तर, राहणार समता कॉलोनी, रायपूर, तथागतांना वंदन करून माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते आज लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही, असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठून निघालेच, तर ते खोटे समजावे.

१. माझी एकुलती मुलगी सोनिया हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. माझे पती प्रफुल्ल दोन वर्षांपूर्वी याच घरात, आपल्या पलंगावर, झोपेत गेले. ते पाण्यात गेले नाहीत. हे का लिहिले ते कलम चारमध्ये कळेल.

२. समता कॉलोनीतील दुमजली घर माझ्या एकटीच्या नावे असून स्वकष्टार्जित आहे. लग्नांच्या शूटिंगवर ते उभे राहिले. भंडाऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा प्रफुल्ल इथल्या भनपुरीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होते. नोकरी सोडून त्यांनी बूढापाऱ्यात स्टुडिओ टाकला. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर, लाइट माझ्या हातात. बाईमाणूस मंडपात लाइट धरते म्हणून लोक नवरीपेक्षा माझ्याकडेच पाहत. मला त्याचे वाईट वाटले नाही. तळमजला आणि वरच्या मजल्याचा पुढचा भाग सोनियाला द्यावा. बँकेत जे असेल तेही तिचे.

३. वरच्या मजल्यावरील मागची खोली, तिची न्हाणी आणि बाहेरचा जिना यांत श्री. हिरालाल निषाद यांना तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांच्याकडून भाडे घेऊ नये, त्यांनी देऊ केले तरी. नवी राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, त्यात तळ्याकाठचे त्यांचे घर गेले. तेव्हापासून ते इथेच आहेत. त्यांच्या पश्चात खोली सोनियाची.

४. खोब्रागड्यांच्या घरात परका माणूस काहून, असे माझा धाकटा दीर चारुदत्त विचारेल. त्याने मला तोंडावरही विचारले आहे. उत्तर इथे देते, म्हणजे कोर्टात जावे लागणार नाही.

छत्तीसगड वेगळे राज्य झाल्यावर इकडे कामांना जोर आला. धरणांचे दरवाजे, पाणी उपसण्याच्या विहिरींच्या जाळ्या पाण्याखाली कशा आहेत, त्याचे व्हिडिओ हवे असत. प्रफुल्ल पन्नाशीत पोहायला शिकले आणि हिरालाल भैयांकडून पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकले. भैया म्हणजे होमगार्डचे जुने गोताखोर, पाणबुडे. मी काठावर बसे. कॅमेऱ्याची तार माझ्यापुढच्या टीव्हीला आणि दिव्यांची तार माझ्या हातातल्या बटणांना जोडलेली. थोडक्यात, लाइट अजूनही माझ्याचकडे होता.

दिवे निवडण्यावरून आमच्यात वाद झाला. चारुदत्तने एक भला मोठा हॅलोजन आणला आणि तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला. मी पसरट झोताचा लहान दिवा मागवला होता. सोनिया म्हणाली, "आई, लाइट तुम ही चुनो. पापा तो सबसे चमकीला उठा लेंगे." मी हट्टाने माझा दिवा लांब दांडीवर, कॅमेऱ्यापासून बाजूला लावून घेतला. दोन्ही घेऊन आम्ही शहराबाहेरच्या एका जलाशयावर गेलो.

प्रफुल्ल दरवाजाच्या जाळीपाशी पोचले आणि टीव्ही पांढरा झाला. चिखल उठला होता, मोठ्या दिव्याचा झोत त्या चिखलावरच पडत होता. तेवढ्यात त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराला झटके बसू लागले. हा अडकल्याचा इशारा होता. भैयांनी टाकी पाठीवर चढवली, पण कुठे आणि कसे अडकले ते दिसत नव्हते. आंधळेपणाने गेले असते तर दोघेही गुंतले असते.

मी मोठा दिवा बंद केला. टीव्ही काळाठिक्कर. चारुदत्त ओरडला, "वहिनी, दादाले अंधारात काहून ठेवता?"

"उजेडातच तर दिसून नाही राहिलं," मी म्हणाले आणि लहान दिवा लावला, तोही अगदी मंद.

आधी जाळीचा गज दिसला. मग प्रफुल्लनी कॅमेरा आपल्याकडे वळवला आणि मला त्यांचा पाय दिसला. मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्याने घोटा गजाला आवळला होता.

"भैया, डावा पाय. जाळं आहे. मागच्या बाजूनं जा, समोरून गेले तर चिखल उठेल."

"हव भौजी," म्हणून ते गेले. टीव्हीवर मला त्यांचा हात दिसला, मग सुरी. चारुदत्त दोर धरून उभा होता, त्याचे तळवे सोलून निघाले होते, पण त्याने दोर सोडला नाही. हेही इथे नोंदवले पाहिजे.

प्रफुल्ल वर आले, चिखलात आडवे पडले आणि पहिले विचारले, "रेकॉर्डिंग झालं काय?" मी हिरालाल भैयांचे पाय धरले. ते मागे सरकले, "ए का करत हस भौजी," म्हणाले, आणि बाजूला जाऊन रडले.

त्यानंतर मला नवऱ्याचा दहा वर्षांहून अधिक सहवास मिळाला. सोनियाच्या लग्नात तिचे वडील उभे होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणून रोज भांडायला घरात माणूस होता. एका खोलीने याची फेड होते, असे मी समजत नाही. ती खोली मी फेड म्हणून देत नाही. घरचा माणूस घरात राहावा, एवढेच.

५. मोठा हॅलोजन चारुदत्तला द्यावा. तो आजही सांगतो की त्याच्या दिव्यामुळेच जागा सापडली. माझी हरकत नाही. त्याच्या तळव्यांसाठी मी त्याचे सगळे बोलणे माफ केले आहे, फक्त सोनियाला शिकवायला त्याने विरोध केला होता ते सोडून.

६. कॅमेरे सोनियाला. पाण्याखालचे बाकी सर्व दिवे, दांड्या व बॅटऱ्या भैयांनी तयार केलेल्या गोताखोरांच्या मंडळाला द्याव्यात. तळ्यात कोणी बुडाले की पोलीस त्यांनाच बोलावतात. पुढे नवे दिवे घ्याल तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. झोत पसरट घ्या; अरुंद झोतात नवरदेवाचे नाक तेवढे दिसते, वरात दिसत नाही. ज्याचा उजेड कमी करता येत नसेल तो दिवा दुकानातच ठेवा. कॅमेऱ्याच्या नाकाशी दिवा लावू नका, बाजूला धरा. खोल पाण्यात लाल रंग आधी विझतो, म्हणून विकत घेण्याआधी त्या उजेडात आपला तळहात पाण्याखाली धरून पाहा. हात जिवंत माणसाचा वाटला तर दिवा चांगला.

७. माझ्या मागे त्रिशरण-पंचशील व्हावे. जेवण साधे असावे. व्हिडिओ काढू नये; आम्ही लोकांचे पुष्कळ काढले.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि मी पुढील दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे. साक्षीला हिरालाल भैयांनाच बसायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्यावर भैया मला म्हणाले, "त मोर नाव काट दे भौजी, मैं सही करहूँ." मी नाव खोडले नाही. म्हणून खाली त्यांची सही नाही. ते समोरच्या खुर्चीवर बसले आहेत आणि माझ्यावर रागावले आहेत.

सही: सत्यभामा प्रफुल्ल खोब्रागडे

साक्षीदार:
१. रामकृष्ण देशकर, समता कॉलोनी, रायपूर (सही)
२. रमा वासनिक, बूढापारा, रायपूर (सही)

स्थळ: रायपूर, छत्तीसगड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१९