भाताशिवाय अठराशे

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रक्तातली साखर वाढली आहे. दवाखान्यात आहार ठरवून देणाऱ्या शिबुयाबाई माझ्या मुलीहून लहान. विचारलं, "नागुमोसान, व्यवसाय काय?" म्हटलं, तांदळाचं दुकान, आजोबांपासून. बिचारी थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग हळूच म्हणाली, "आपण भात बंद करून बघू या का?"

मला! भात!

बायकोला सांगितलेलं नाही. सुमिएच्या पोटात काही राहील, पण गल्लीच्या राहणार नाही. तांदूळवालाच भात खात नाही म्हटल्यावर माझा तांदूळ कोण नेणार?

५ ऑक्टोबर

दुपारी आणि रात्री "दुकानातच खातो" म्हणून सांगितलं. मागच्या कोठीत पोत्यांच्या आड चीज, डुकराच्या मांसाच्या तळलेल्या पट्ट्या, मेयोनेज. मेयोनेज चमच्याने. भात सोडला की बाकी सगळं माफ. हे आधीच करायला हवं होतं.

११ ऑक्टोबर

वजन दीड किलोने वाढलं!

घरचा काटा बिघडला असेल म्हणून दुकानातल्या तांदळाच्या काट्यावर उभा राहिलो. त्या काट्यावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही. दीड किलो.

शिबुयाबाईंना फोन केला. "कॅलरी किती घेताय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "भात नाही तर कॅलरी कसल्या?"  मग त्यांनी दिवसभराचं खाणं विचारलं. मेयोनेजच्या चमच्यांशी आलो तेव्हा म्हणाल्या, "पुरे. तुम्ही तीन हजारांच्या वर चाललात." भात सोडला म्हणून कॅलरी सुटत नाहीत म्हणे. आणि सगळ्यांना मिळून एक आकडाही नसतो. उंची, वय, दिवसभराची हालचाल बघून ठरवायचा. माझा अठराशे. "त्याच्या फार खालीही जायचं नाही, पोती उचलताना चक्कर येईल."

अठराशे. लक्षात ठेवायला सोपा आहे.

१४ ऑक्टोबर

आज नवा तांदूळ आला. आणि मी मोठीच चूक केली.

आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात संध्याकाळी बिडाच्या भांड्यात होतो. नुसत्या मिठाशी खायचा, बाकी काही नाही. शेजारच्या तोफूवाल्या कुमाकुरा आजी दरवर्षी याच जेवणाला येतात. सुमिएने वाडगा पुढे केला. वाफ नाकात गेली, तोंडाला पाणी सुटलं. आणि मी म्हटलं, "आज नको. इच्छा नाही."

 आजींनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

अंथरुणावर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. वडिलांनी शेवटच्या शरदात नव्या तांदळाचा वाडगा असाच बाजूला सारला होता. "इच्छा नाही" हेच शब्द. त्यांनी पुढचं वर्ष पाहिलं नाही.

१६ ऑक्टोबर

कुमाकुरा आजी मऊ तोफू घेऊन आल्या. "हे गिळायला सोपं जातं हो." गिळायला मला काहीच त्रास नाही. तसं म्हटलं तर माझा हात थोपटून म्हणाल्या, "तुमचे वडीलही असंच म्हणायचे."

न्हाव्याकडे गेलो. त्याने बाजूचे केस राखले. म्हणाला, "असू देत, फोटोत चांगले दिसतील." कसला फोटो विचारलं तर एकदम कात्रीच पुसायला लागला.

उद्या सुमिएला खरं काय ते सांगून टाकतो.

१७ ऑक्टोबर

सांगणारच होतो. दुपारी दुकानाचं दार सरकलं आणि दारात चिगुसा, माझी मुलगी. हातात प्रवासाची बॅग.

तीन वर्षांनी! तिने कानाझावाच्या पाववाल्याशी लग्न केलं आणि मी म्हटलं, या घरात पाव येणार नाही. मग तीही आली नाही. नव्या वर्षाचं कार्ड तेवढं यायचं, त्यावर दोघांची सही.

माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, किती बारीक झालात."

दीड किलोने वाढलोय. पण बोललो नाही. बोललो असतो तर संध्याकाळच्या गाडीने परत गेली असती. खोकलो तेवढा जरासा. तो खरा होता, कोंड्याचा.

१९ ऑक्टोबर

मरणाऱ्या माणसाने ताटावर किती खावं? मी तीनशे कॅलरी ठरवल्या. तोफू, चमचाभर सूप, एक उसासा. उरलेले पंधराशे कोठीत, चोरून. अंडी, मासा, कोबी, थोडं चीज. शिबुयाबाईंचा हिशेबही बसतो आणि चिगुसाही राहते.

एवढ्या शिस्तीत मी जन्मात जेवलो नव्हतो. वजनही उतरायला लागलं. त्यामुळे पोरगी आणखी रडते.

२१ ऑक्टोबर

चिगुसाने आज गिऱ्हाइकाला पाच किलो तांदूळ मोजून दिले. शेवटची मूठ सोडताना हात तसाच फिरवते, माझ्या आईसारखा.

२३ ऑक्टोबर

जावई आला. वातारू. पिठाचा वास असलेला लांबट, मुखदुर्बळ माणूस. सोबत पावाची भली मोठी पिशवी. जेवताना चिगुसाने एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. "बाबा, एक घास. यांनी तुमच्यासाठी पहाटे उठून केलाय."

खाल्ला तर साखर. नाही खाल्ला तर पुन्हा तीन वर्षं. खाल्ला. चांगला होता, आता काय सांगू. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, "मऊ आहे." चिगुसा उठून स्वयंपाकघरात गेली, नाक शिंकरल्याचा आवाज आला.

तीनशेचे साडेचारशे झाले. उरलेले साडेतेराशे भरायला नंतर कोठीत गेलो. तळलेल्या कोंबडीचा तुकडा तोंडात आणि समोर वातारू! पोतं उचलायला आला होता.

 तो म्हणाला, "बाबा, ते वरचं आवरण पिठाचं असतं. पथ्य असेल तर काढून खा."

सगळं सांगून टाकलं. साखर, अठराशे, सगळं. तो पोत्यावर बसला आणि खांदे हलेपर्यंत हसला. आवाज मात्र काढला नाही, भला माणूस आहे. म्हणाला, "मी नाही सांगणार. तुमच्या घरात माझ्याशी पहिल्यांदाच कोणी एवढं बोललंय."

२४ ऑक्टोबर

वातारूने कोठीत आणून दिलं: तीन अंड्यांचं ऑम्लेट, पालक घालून. "अंदाजे तीनशे," म्हणाला. याला आकडे कळतात.

२५ ऑक्टोबर

आज सांगितलं.

सकाळी चिगुसा देवघरातल्या माझ्या वडिलांच्या फोटोपुढे बसलेली दिसली. हात जोडून, अगदी हळू आवाजात. "आजोबा, त्यांना इतक्यात नेऊ नका. माझं अजून त्यांच्याशी नीट बोलणंच झालेलं नाही."

 दारातूनच म्हटलं, "अगं, मी मरत नाहीये. साखर आहे. डाएट करतोय."

ती वळली. आधी डोळे मिटून नुसता श्वास सोडला. मग चेहरा लाल होत गेला.

"मी आठ दिवस झोपले नाही, बाबा."

"हो गं."

"पाव नको म्हणून तुम्ही मला तोडलंत. आणि आता स्वतःच भात सोडलात?"

"डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांनी सांगितल्यावर सोडलात. मी सांगितलं असतं तर?"

 ती वर गेली, बॅग भरली, धाडधाड जिना उतरली.  कोठीतून वातारू म्हणाला, "आज कानाझावाच्या गाडीत जागा नाही." होती. मी बघितलेली.

२६ ऑक्टोबर

दोघं गेली. चपला घालताना चिगुसा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नव्या वर्षाला येऊ. तुम्ही मरणार नसलात तरी." जाताना ऑम्लेटचं भांडं मागे ठेवून गेली, घासायला मला.

२७ ऑक्टोबर

सुमिएने आज अर्धा वाडगा नवा भात माझ्यापुढे ठेवला. "शिबुया म्हणाली, एवढा चालेल. अठराशेत बसव."

माझ्या काड्या हवेतच राहिल्या. "तू तिला ओळखतेस?"

"माझ्या चुलतबहिणीची मुलगी. तीन तारखेलाच ताटात काय वाढायचं ते सांगायला फोन आला होता."

"मग चिगुसाला मी मरतोय म्हणून कोणी कळवलं?"

ती मुळा किसत राहिली. "नुसतं 'ये' म्हटलं असतं तर आली असती?"