टिल्लीच्या नावाची हाक

सोमवार

आजपासून कामावर. माझ्या तोंडात दात उरले चार आणि नोकरी लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात. सून खूप हसली. हृदयाला भोक, फिट्स, असली दुखणी असलेली मुलं खुर्चीत धड बसत नाहीत, म्हणून त्यांना पूर्ण भूल देऊन सगळ्या दातांचं काम एकदमच करतात. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पोरांना जिवापाड जपतात. माझं काम एवढंच, की आधी आईला पोराचं लाडाचं नाव विचारायचं आणि भूल उतरताना त्या नावाने हाक मारायची. घरची हाक ऐकली की पोर घाबरत नाही. जमेल असं वाटतं. चपला कुठे काढायच्या ते मात्र विचारायचं राहिलं.

बुधवार

हातून चूक झाली. जन्मापासून मुका, फिट्स येणारा मुलगा. त्याचं नाव विचारायला विसरलो. तो उठेना. बाई म्हणाल्या, हाक मारा. मी गडबडलो, तोंडून नातीचंच नाव गेलं. टिल्ले, ऊठ गं. त्याने डोळे उघडले आणि मला आबा म्हणाला. त्याची आई माझ्या पाया पडली.

घरी आलो तर टिल्ली दुपारपासून झोपलेली.

शुक्रवार

टिल्ली उठत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. मुलगा मला म्हणतो, आबा, आधीच गळा काढू नका.

शनिवार

त्या मुक्या पोराच्या घरी गेलो. पोरगा दारात आला. टिल्लीसारखी मान वाकडी करून विचारलं, आबा, घरी कधी जायचं.

त्याच्या आईला सगळं सांगितलं, हात जोडले. ती म्हणाली, इतकी वर्षं मुक्या पोराची आई मी होते. आता तुमच्या सुनेची पाळी.

तिने दार लावून घेतलं.

मंगळवार, सकाळ

त्याच्या दाढेचं मूळ आत राहिलंय. आज पुन्हा भूल. त्याला गुंड्या म्हणतात, शेजारणीकडून काढून घेतलं. गुंड्या अशीच हाक मारणार. सुनेला म्हटलं, पोरीपाशी बस.

दुपार, दवाखान्याच्या बाकावर

भूल चढली आणि सुनेचा फोन — टिल्लीने डोळे उघडले — पाणी मागितलं —

भूल उतरायची वेळ झाली तसा मी आत धावलो. गुंड्या म्हणायला तोंड उघडलं तर त्याची आई मला ढकलून पुढे — पोराच्या कानाशी वाकली —

टिल्ले, म्हणाली. ऊठ गं बाळा.

आतून तो आबा आबा करतोय. फोन चालूच आहे — सून विचारतेय, आबा, ही पुन्हा का —