पांढऱ्या भातात पांढरा केस

राजारामपुरी, कोल्हापूर
४ ऑगस्ट २००१

चि. वृषभ,

जय जिनेंद्र आणि आईचे पुष्कळ आशीर्वाद. पुण्यात पाऊस कसा आहे? इकडे चार दिवस कपडे वाळत नाहीत. माझा गुडघा बरा आहे.

तुला राग येणार हे धरूनच लिहिते. आदिती कोल्हापुरात आली आहे, आर्यिकांच्या, आपल्या साध्वींच्या संघाबरोबर, चातुर्मासाला. आता तिचं नाव दुसरं आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही, सगळे माताजी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिच्या दीक्षेला आपण दोघंही गेलो नाही. डॉक्टर झालेली पोरगी हातानं डोक्यावरचे केस उपटून घेते, हे मला आजही पटत नाही. मरेपर्यंत पटायचं न्हाय. तू तर म्हणालास, मला बहीणच नाही. मी तेव्हा गप्प बसले, ते चुकलं माझं.

आज तुला न विचारता मी घरात त्यांच्या आहारासाठी चौका लावला. विहिरीचं पाणी आणून गाळलं, सोवळ्यानं भात-आमटी केली आणि कलश-नारळ घेऊन दारात उभी राहिले. ती आपल्याच दारात थांबली रे. मनगटं केवढीशी झालीत तिची. त्यांचा आहार दिवसातून एकदाच, तोही ओंजळीत, आणि काल चतुर्दशी म्हणून तिला उपवास होता. ती पाटावर बसली, ओंजळ पुढं केली. पोरीला भरवून मला वीस वर्षं झाली असतील.

चौथ्या घासाला केस निघाला. केस म्हणजे अंतराय, आहार तिथंच संपला. ओंजळ सोडून ती उठली. आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

एवढं लिहून पेन खाली ठेवला होता. पण खोटं नको. केस आपसूक नाही निघाला. पांढऱ्या भातात माझा पांढरा केस, तो तिला दिसला नव्हता. मदतीला आलेल्या शेजारच्या बाळाबाईंनाही नाही. फक्त मला दिसला. गप्प बसले असते तर पोट भरलं असतं की तिचं. आणि माझ्याच तोंडून गेलं, "माताजी, केस हाय."

असं कसं बोलले मी? त्या व्रतावर माझा काडीचा विश्वास नाही आणि मीच लेकीला उपाशी उठवलं. पण न सांगता घातलं असतं तर फसवून घातलं असतं. तिला ते कधी कळलं नसतं, मला कळलं असतं.

जाताना तिनं हात वर करून आशीर्वाद दिला, सगळ्यांना देते तसाच. आई म्हणाली नाही. भात पातेल्यात तसाच आहे, मीही जेवले नाही.

उद्या परत चौका लावणार. ती आपल्याकडंच येईल असं नाही, ठरवून यायचं नसतं त्यांना. म्हणून रोज लावणार. तू ये. पटवून घेऊ नकोस, मलाही पटलेलं नाही. आज राखीपौर्णिमा, पण ती राखी बांधणार नाही, तुला ताई म्हणता येणार नाही. नुसतं माझ्या शेजारी दारात उभं राहायचं. ती गल्लीत वळली की आपलं माणूस दिसलं पाहिजे तिला.

तुझी, आणि तिचीही,
आई