मंगळावरचा गडगा

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! रत्नागिरीजवळच्या उघड्या सड्यावर, माळावर, चारी बाजूंना नुसता जांभा दगड आणि वाळकं गवत, मध्ये आमचं केंद्र: दोन खोल्या आणि ही भली मोठी तबकडी. मंगळाभोवती फिरणाऱ्या नव्या यानाचे फोटो इथे उतरतात. येताना मधल्या काही पट्ट्या गळतात. त्या मी आजूबाजूचं बघून भरायच्या आणि फोटो पुढे पाठवायचा. बाबल्या गाडीने डबा आणतो. त्याच्यापुढे फुशारकी मारली, मी मंगळाची फोटोग्राफर! तर म्हणाला, मेव्हणीच्या लग्नाचे काढाल काय?

धाकट्या बहिणीला, अक्षयाला, नववा महिना लागलाय. आई नाही आम्हाला. बाळंतपणाला देवरुखला मीच जाणार, तसा शब्द दिलाय तिला.

६ फेब्रुवारी
आज गंमतच झाली. मंगळाच्या माळावर चिऱ्यांचा गडगा, दगडी कुंपणच! आपल्या आंब्याच्या बागेला असतो तसाच चौकोनी, एका बाजूला माणूस जाईल एवढी वाट. मालिनीताईंना, म्हणजे आमच्या साहेबांना, फोन केला तर हसल्या. कोकणातल्या माणसाला सगळीकडे आंब्याची कलमंच दिसतात म्हणे, खडकाची भेग असेल. असेल बापडी.

८ फेब्रुवारी
बाबल्या कुरकुरत चालत आला. गडगा घातलात तर गाडीपुरती तरी वाट ठेवायची, म्हणाला. कसला गडगा? बाहेर जाऊन पाहिलं. केंद्राभोवती छातीएवढा गडगा, चिऱ्यांवर जुनं वाळलेलं शेवाळ. काल नव्हता. देवाशप्पथ नव्हता. वाट एकच, फोटोत होती तिथेच.

९ फेब्रुवारी
माझ्याच हाताने घात झाला. सकाळी त्याच गडग्याचा नवा फोटो आला, त्यात एक पट्टी गळाली होती. सवयीने शेजारचे चिरे ओढून भरली, पाठवूनही दिला. मग लक्षात आलं — वाट त्याच पट्टीत होती. धावत बाहेर गेले. सगळीकडे चिरे. चढायला गेले तर मी चढतेय तेवढा गडगा वर. मालिनीताईंना विनवलं, फोटो परत घ्या. म्हणाल्या, जगभर गेला, आता कसा घेणार?

१० फेब्रुवारी
बाबल्याला फोन केला, शिडी आण म्हटलं. म्हणतो, सड्यावरच उभा आहे, गडगा नाही, केंद्र नाही, नुसतं गवत —
आभाळ तांबूस झालंय, मंगळाच्या फोटोतल्यासारखं.
अक्षयाचा फोन. कळा सुरू झाल्या, ताई, लवकर ये. येते म्हटलं. काय सांगणार होते तिला —

११ फेब्रुवारी
गडगा खिडकीशी आलाय.
अक्षयाला फोन लागला. मुलगी झाली! रडणं ऐकलं, मीही रडले. म्हटलं, अक्षू, मी अडकलेय गं, येता येत नाही — तिने विचारलं, कोण बोलतंय? ताई तर कालपासून माझ्याजवळच आहे, बाळ तिच्याच मांडीवर —
फोनमध्ये तिच्या मागून आवाज आला. माझाच. ठेव तो फोन, म्हणाला.
परत लागत नाही. चिरे दारात —
अक्षू, ती मी नाही. अक्षू, बाळ तिच्याकडे ठेवू न